सतरावं प्रकरण

अध्यक्षबाईंना लोकांची कीव यायची. सगळ्यांची नव्हे, ज्यांच्याकडे फाईल नव्हती त्यांची. म्हणजे जवळजवळ सगळ्यांचीच.

'अध्यक्षबाई' हे काही तिचं खरं नाव नव्हे. वय वर्षं सोळा, शाळेच्या शेवटच्या वर्गात. विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीत ती निवडून आली त्या संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले, "अध्यक्षबाई, जरा मीठ सरकवा." तेव्हापासून घरात, गल्लीत आणि शाळेत तेच नाव रुळलं. बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. थट्टा करताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलायची नाही, त्यामुळे ही थट्टा आहे हे अध्यक्षबाईंना उमगलंच नाही. त्यांनी मीठ सरकवलं आणि मान उंच केली ती केलीच.

आई टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. वीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारून तिची पक्की समजूत झाली होती की ज्याच्यावर शिक्का नाही ते जगात घडलेलंच नाही. फाईल तिचीच कल्पना. निळी, जाडजूड, आत पारदर्शक कप्पे. पहिल्या कप्प्यात बालवाडीतलं 'उत्तम डबा संपवणे' हे प्रमाणपत्र, आणि तिथून पुढे वक्तृत्व, चित्रकला, प्रथमोपचार, वाहतूक नियम, हस्ताक्षर, पथनाट्य, जे म्हणाल ते. वृक्षारोपणाची तीन होती. तीन वर्षं, तीन झाडं, खड्डा एकच. आधीची दोन झाडं का वाळली हे कोणी विचारलं नाही, कारण पाणी घालण्याचं प्रमाणपत्र शाळा देत नसे.

शाळाही काही कमी नव्हती. तिथल्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. 'व्यक्तिमत्त्व विकास' हे दोन शब्द त्यांच्या तोंडात चोवीस तास असत. त्यांनी प्रत्येक मुलाला एक सेवा-वही दिली होती. कोणाची सेवा केली, किती तास केली, खाली सही. वर्षअखेर ज्याची वही आणि फाईल सगळ्यांत फुगलेली, त्याला 'सर्वांगीण विद्यार्थी' ही ढाल. ढाल असली की मोठ्या कॉलेजात प्रवेश पक्का, असं आईने टपाल कचेरीत कोणाकडून तरी ऐकलं होतं. त्यामुळे लेक घरात शिरली रे शिरली की चपला काढायच्या आधी आईचा प्रश्न ठरलेला असे, "वहीत मांडलंस का?"

तर त्या वर्षी 'बोलकी पुस्तकं' नावाचा उपक्रम निघाला. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी मुलांनी अभ्यासाची पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. सरकारी रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसणाऱ्या एक बाई होत्या, जन्मापासून आंधळ्या. त्यांना खात्याची बढतीची परीक्षा द्यायची होती आणि परीक्षेचं पुस्तक होतं नियमावलीचं, चोवीस प्रकरणांचं. त्यांच्या कचेरीत त्याची एकच जुनी प्रत होती. ती त्यांनी शाळेकडे पाठवली.

अध्यक्षबाईंनी मंडळाची बैठक घेतली. बारा सभासद, चोवीस प्रकरणं, प्रत्येकी दोन. स्वतःकडे त्यांनी देखरेख ठेवली. देखरेख म्हणजे काय हे कोणी विचारलं नाही; विचारलं असतं तरी उत्तर तयार होतं. आता बारा जणांनी एक पुस्तक वाचायचं कसं? त्यांनी बाबांच्या दुकानातली चामडं कापायची सुरी घेतली आणि पुस्तकाचा कणाच उभा कापला. चोवीस गठ्ठे केले.

बाबा मशीनमध्ये तेल सोडत होते. "पुस्तक कापताय?" ते म्हणाले.

"काम वाटून देणं म्हणजेच नेतृत्व, बाबा."

"बरं. शिवायचं झालं की आणा."

प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला मात्र अध्यक्षबाईंचा आवाज होता. नमस्कार, मी विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष, सलग तीन वर्षं वक्तृत्व स्पर्धेत प्रथम, स्वच्छता दलाची प्रमुख, असं करत करत ती गाडी एक मिनिट चाळीस सेकंदांनी 'आपल्या सेवेत सादर' या स्थानकावर थांबायची. हे त्यांनी एकदाच मुद्रित केलं आणि चोवीसही प्रकरणांच्या डोक्यावर बसवलं. ऐकणाऱ्या बाईंना हे चोवीस वेळा ऐकावं लागेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

ढालीचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी मोजलं तर मुद्रणं तेवीसच. सतरावं प्रकरण गायब. ते होतं भिंतीकडे. भिंत म्हणजे फुटबॉल संघाची गोलरक्षक. तिच्या पलीकडे चेंडू जात नसे म्हणून भिंत. तिने अठरावं कसंबसं वाचलं होतं आणि सतरावं तसंच ठेवून सामन्यांसाठी परगावी निघून गेली होती. अर्ज पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. 'चोवीस प्रकरणं पूर्ण' असं लिहायचं तर चोवीस पाहिजेत. अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, नाक मुरडलं, आणि सोळावंच प्रकरण पुन्हा घेतलं. वाचणाऱ्या मुलाने सुरुवातीला म्हटलेलं 'प्रकरण सोळावं' तेवढं कापलं. त्या जागी स्वतःच्या आवाजात म्हटलं, 'प्रकरण सतरावं'. चार मिनिटांत काम फत्ते. सतरावं प्रकरण कोण ऐकत बसलंय, असं घड्याळाला म्हणाल्या आणि पळत जाऊन अर्ज देऊन आल्या.

दीड महिन्यात ढाल जाहीर झाली, आणि ती कोणाला हे सांगायला नकोच. मोठ्या बाईंनी अध्यक्षबाईंना खोलीत बोलावलं. "समारंभाला त्या टेलिफोनच्या बाई आल्या पाहिजेत," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटं बोलतील, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. तू जा, आमंत्रण दे. आणि भाषण लिहूनच ने, उगाच त्यांना विचार करायला लावू नकोस."

अध्यक्षबाईंनी भाषण लिहिलं. दुसऱ्याने आपले आभार कसे मानावेत हे त्यांना चांगलं जमत होतं.

बोर्डाची खोली रुग्णालयाच्या तळमजल्यावर जिन्याखाली होती. एका बाजूला सिलिंडर ठेवायची खोली, दुसऱ्या बाजूला धुवायच्या चादरींचे ढीग. सोमवार, दुपारचे तीन. दार ढकललं तर आत काळोख. अध्यक्षबाई भिंतीवरून हात फिरवत राहिल्या, एका बादलीला ठेचकाळल्या.

"बटण डाव्या हाताला आहे," आतून आवाज आला. "मला लागत नाही. पण येणाऱ्यांना दिसत नाही, त्याला काय करणार."

दिवा लागला. चाळिशीला टेकलेली एक सडपातळ बाई, कानाला हेडफोन, समोर बटणांचा बोर्ड, बोटं त्यावरून न थांबता फिरतायत. अध्यक्षबाईंनी घसा साफ केला. "नमस्कार, मी विद्यार्थी मंडळाची—"

"अध्यक्ष," बाई म्हणाल्या. "सलग तीन वर्षं वक्तृत्व स्पर्धेत प्रथम, स्वच्छता दलाची प्रमुख. मला पाठ आहे. तुझं ते एक मिनिट चाळीस सेकंदांचं पुराण मी दुप्पट वेगाने पळवते, तरी पन्नास सेकंद खातंच. बस. स्टूल आहे बघ."

अध्यक्षबाई बसल्या. आमंत्रण दिलं. भाषणाचा कागद काढला. बाई म्हणाल्या, वाच. मग त्यांनी वाचलं: अंधारात चाचपडणाऱ्या माझ्या आयुष्यात या विद्यार्थ्यांनी प्रकाश आणला, वगैरे.

"मेल मेडिकल वॉर्ड? जोडते," बाई फोनवर म्हणाल्या आणि मग वळल्या. "मी कुठे चाचपडते? आत्ता चाचपडत आलीस ती तू. समारंभाबिमारंभाला मी येत नाही. मला शनिवारी परीक्षा आहे, त्यापुढे मला काही सुचत नाहीये. पण तू आलीस ते बरं झालं. एक विचारायचं होतं."

"विचारा ना, मॅडम."

"ही तिसरी वेळ आहे माझी. तीनच वेळा बसता येतं. पहिल्यांदा वाचून दाखवणारी बाळंतपणाला गेली, दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला कंटाळा आला. दोन्ही वेळा अर्धं पुस्तक घेऊन परीक्षेला बसले आणि दोन्ही वेळा आपटले. या वेळी पहिल्यांदाच पुस्तक पूर्ण मिळालं. पास झाले तर पर्यवेक्षक होईन, वरच्या मजल्यावर खोली मिळेल. खिडकीची. नाही तर निवृत्त होईपर्यंत ही बादली." त्यांनी दोन फोन जोडले. "तर विचारायचं असं, की सोळावं आणि सतरावं प्रकरण शब्दाला शब्द सारखं कसं?"

अध्यक्षबाईंनी भाषणाच्या कागदाची घडी घातली.

"मला आधी वाटलं काहीतरी गडबड आहे," बाई म्हणाल्या. "मग म्हटलं, सरकारी पुस्तक आहे, छापलं असेल दोनदा. आणि सतराव्याचा आकडा तुझ्या आवाजात आहे. बाकी कुठल्या प्रकरणात तू एक शब्द वाचलेला नाहीस. म्हटलं, अध्यक्षांनी जातीने आकडा सांगितलाय म्हणजे महत्त्वाचं असणार. म्हणून दोनदा पाठ केलं."

आता कोणीही शहाणा माणूस तिथल्या तिथे बोलून मोकळा झाला असता. अध्यक्षबाई काय म्हणाल्या? "बघून सांगते," म्हणाल्या. आणि भाषणाचा कागद स्टुलावर विसरून जिना चढल्या.

घरी आईने विचारलं, "वहीत मांडलंस का? जाण्यायेण्याचा वेळ धरून दीड तास होतो." त्या जेवल्या नाहीत. आईला वाटलं, ढालीचं दडपण. बाबांनी ताटाकडे पाहिलं, मग लेकीकडे. अंथरुणावर पडून अध्यक्षबाई हिशोब मांडत राहिल्या: शनिवारी परीक्षा होईल, सतराव्यावर प्रश्न येईलच असं थोडंच आहे, आणि आला तरी एक प्रश्न. कोणाला कळणारही नाही. सगळं पटत होतं. फक्त 'दोनदा पाठ केलं' हे शब्द कानातून जात नव्हते.

मंगळवारी सकाळी मैदानावर त्यांनी भिंतीला गाठलं. "सतरावं प्रकरण कुठाय?"

भिंत विचार करू लागली, हा प्रकार तिच्याकडून क्वचित व्हायचा. "ते होय," ती म्हणाली. "बुटात."

"बुटात?"

"सामन्याला पाऊस होता ना. ओले बूट आकसतात, आत कागद कोंबावा लागतो. वर्तमानपत्र संपलं होतं. तुला कशाला हवंय आता? ढाल मिळाली की."

अध्यक्षबाईंना भिंतीची चीड आली, आणि लगेच कळलं की चीड यायला आपल्याला तोंड नाही. हिने निदान कागद कोंबून बूट तरी वाचवले. खेळाच्या सामानाच्या खोलीमागे बुटांच्या जोड्याच्या जोड्या पडल्या होत्या. चिखल, घाम, कुबट वास. तिथे उकिडवं बसून त्यांनी बुटांमधून नियमावली उपसली. एकतीस पानं होती. तीस सापडली ती चुरगळलेली, पिवळी पडलेली, पण वाचता येणारी. एकतिसावं एका डाव्या बुटाच्या टोकाशी लगदा होऊन बसलं होतं. त्यावर तिसरा तक्ता होता. एवढंच मथळ्यावरून कळत होतं.

दुकानात बाबांनी पानांवरून हलक्या हाताने इस्त्री फिरवली. लगद्यावर फिरवायला गेले तर तो इस्त्रीलाच चिकटून आला. "हे गेलं," बाबा म्हणाले. मग पहिल्यांदाच थट्टा न करता विचारलं, "काय केलंस?"

तिने सांगितलं. सगळं. बाबांनी इस्त्री उभी ठेवली. "मला सांगून काय उपयोग," ते म्हणाले. "मला कुठे परीक्षा आहे."

खरं सांगायचं तर इथून पुढे तिला अध्यक्षबाई म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दुकानातून परस्पर ती रुग्णालयात गेली. दिवा लावला नाही, दारातच उभी राहिली आणि एका दमात बोलली. "सतरावं प्रकरण नव्हतंच. मी सोळावंच पुन्हा लावलं आणि आकडा बदलला."

बोर्डावर तीन बटणं लुकलुकत होती. बाईंनी तिन्ही फोन जोडले, एकाला डॉक्टर कधी येतील ते सांगितलं, एकाला थांबवलं. मग हेडफोन एका कानावरून मागे सारला.

"किती वेळ लागला?"

"चार मिनिटं."

"मला ते पाठ करायला नऊ दिवस लागले."

तिला रडू फुटलं. बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. "रडू नकोस," त्या म्हणाल्या. "इथे रोज चारशे लोक रडत फोन करतात, आणि त्यांच्याकडे कारण असतं. पानं आणलीस?"

"आणली. मी आज घरी बसून मुद्रित करून—"

"तुझ्या मुद्रणाला आता कोण विचारतंय? इथे बसायचं आणि माझ्यासमोर वाचायचं. माझी पाळी आठला संपते. शुक्रवारपर्यंत रोज यायचं."

तिने पानं काढली. "पुस्तकाची पानं अशी वाजत नाहीत," बाई म्हणाल्या. मग बुटाचंही सांगावं लागलं, आणि पुस्तक कापल्याचंही. तिसऱ्या तक्त्याचंही. बाईंनी कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही. नुसत्या 'हं' म्हणाल्या. त्या 'हं'ने तिला जे वाटलं ते शिव्यांनी वाटलं नसतं.

तिने स्टूल ओढलं. "नमस्कार, मी—"

"ते नको."

सवयच जात नव्हती. तिने वाचायला घेतलं, ते थेट वक्तृत्व स्पर्धेच्या थाटात: रजेचे नियम, आवाज वर, आवाज खाली, मध्ये हवेत हात. "हात कोणाला दाखवतेस?" बाई म्हणाल्या. "वारा लागतोय मला. सपाट वाच. आकड्यापाशी थांब. कंस आला तर कंस आला म्हण." दर दोन मिनिटांनी फोन यायचा, वाक्य मध्येच तुटायचं. फोन संपला की बाई शेवटचे चार शब्द स्वतः म्हणायच्या आणि तिला पुढे वाचायला लावायच्या. पोरीला मात्र आपण काय वाचत होतो तेच आठवायचं नाही. आठ वर्षं ही मुलगी व्यासपीठांवर बोलत आली होती आणि आपल्याच तोंडून निघालेला शब्द तिने एकदाही ऐकला नव्हता. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा फोन संपल्यावर ते चार शब्द बाईंच्या आधी ती म्हणाली. बाईंनी शाबासकी दिली नाही, आणि तिनेही वाट पाहिली नाही.

तिसऱ्या तक्त्यासाठी तिने रुग्णालयाच्या कचेरीत तीन टेबलं पालथी घातली. दुसरी प्रत मुख्य कार्यालयात होती. अर्ज करा, पंधरा दिवसांनी मिळेल, असं कारकुनाने न बघता सांगितलं. मुख्य कार्यालयात गेली तर दारावरच्या शिपायाने तेच सांगितलं, तेही न बघता. शुक्रवारी आठ वाजता तीसच्या तीस पानं दुसऱ्यांदा वाचून झाली.

"मॅडम, निकाल कधी?"

"महिन्याने. पास झाले तर बोर्डावर दुसरी कोणी बसेल. फोन लाव, उचलणारीच्या आवाजावरून कळेल." बाईंनी पांढरी काठी घेतली. "आणि दिवा बंद करून जा. फुकट जळतोय."

या चार दिवसांत समारंभाच्या तालमी बुडाल्या होत्या. आईने आकांडतांडव केलं. मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. पोरगी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिथेही सगळं सांगून टाकलं, वर म्हणाली, "ढाल मला देऊ नका."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे पाणावले होते. "किती सुंदर," त्या म्हणाल्या.

"बाई, मी फसवलं त्यांना."

"आणि कबूल केलंस. यालाच तर व्यक्तिमत्त्व विकास म्हणतात." त्यांनी मानपत्राचा मसुदा ओढला आणि 'नेतृत्व' आणि 'सेवा' यांच्या खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'प्रामाणिकपणा'. "हे तू भाषणात सांग. फार परिणाम होईल. आकडा मात्र चोवीसच ठेवू. शेवटी वाचलंस ना?"

"एक पान राहिलंय."

"एका पानाने काय होतंय," मोठ्या बाई म्हणाल्या आणि खाली सही केली.

समारंभाला सभागृह गच्च भरलं होतं. पोरगी व्यासपीठावर गेली. तिने ठरवलं होतं की इतकं उघडं, इतकं रोखठोक सांगायचं की लोकांना किळस आली पाहिजे. सांगितलंही तसंच. पुस्तक कापलं, एक शब्द वाचला नाही, चार मिनिटांत खोटं प्रकरण तयार केलं, एका बाईने ते खरं समजून नऊ दिवस घोकलं, आणि तिची ती शेवटची परीक्षा होती. ती बोलायची थांबली. आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या एक बाई रुमालाने डोळे टिपत होत्या. मोठ्या बाईंनी ध्वनिक्षेपक घेऊन सांगितलं की हे धैर्य प्रत्येक मुलात यावं. खरं बोललेलंही इथे बक्षिसालाच जमा होतं, हे तिला ढाल हातात घेऊन उभी असताना कळलं. तिला त्या सगळ्या टाळ्या वाजवणाऱ्यांची शिसारी आली, आणि कालपर्यंत आपण त्यांच्याचसाठी जगत होतो म्हणून स्वतःची त्याहून जास्त. आई उभी राहून टाळ्या वाजवत होती. बाबा तेवढे बसून होते, पँटला चिकटलेला दोरा सोडवत.

त्याच आठवड्यात बाबांनी चामड्याच्या मशीनवर नियमावली शिवून दिली. चोवीस गठ्ठे, मध्ये एक पान कमी. तिने ती रुग्णालयाच्या कचेरीत नेऊन दिली. बोर्डाच्या खोलीकडे जायचं धाडस झालं नाही.

ढाल बैठकीच्या खोलीत फोनच्या वरच्या फळीवर बसली. आईने तिच्यासाठी वेगळी लाकडी बैठक करून घेतली. निकालाच्या दिवशी दुपारी त्या ढालीखाली उभी राहून तिने नंबर फिरवला. दोनदा अर्ध्यात ठेवून दिला. तिसऱ्यांदा घंटा वाजू दिली. नवीन आवाज असू दे, कोणीही असू दे, खेकसणारी असली तरी चालेल, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

"नमस्कार, रुग्णालय. कुठे जोडू?"

तोच आवाज.



"बोला," बाई म्हणाल्या. "बोलायचं नसेल तर लाईन अडवू नका." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू आहेस होय. नाव सांगायची सवय गेली वाटतं."

"कितीने?" तिने विचारलं.

"चार गुण."

"आणि तिसरा तक्ता?"

"आला होता. पाच गुणांना."

पलीकडे दुसरी घंटा वाजत होती, मग तिसरी.

"मॅडम, मी—"

"माफी मागणार असशील तर मागू नकोस. ती ऐकायलासुद्धा मलाच वेळ काढावा लागतो." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ठेव आता. प्रसूती विभागाचा फोन येतोय."

लाईन तुटली. ती रिसीव्हर हातात धरून उभी राहिली.

आई टपाल कचेरीतून आली, पिशवी खाली ठेवली. "कोणाशी बोलत होतीस? त्या आंधळ्या बाईंशी? मग वहीत मांडलंस का?"

"आई, चार गुण कमी पडले."

आईने पटकन खुर्चीचा आधार घेतला. "कोणाला? तुला?"

"हो," ती म्हणाली आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. "मलाच."